खांद्यावरची खूण

शिकाऱ्यांची चरित्रे पुष्कळ लिहिली गेली. आरुशा शहरातल्या जुन्या हॉटेलांच्या भिंतींवर त्यांची छायाचित्रे अजून टांगलेली आहेत: रुंद टोपी, सूर्याने रापलेली नाके, पायाशी मरून पडलेले जनावर आणि चौकटीच्या कडेला अर्धा कापला गेलेला कुणीतरी काळा माणूस, ज्याचे नाव खाली लिहिण्याची तसदी कुणी घेतली नाही. एरास्तो चेंगुला त्या भिंतीवर कधीच आला नाही. कापलेला माणूस म्हणूनही नाही, कारण तो परवानाधारक शिकारी होता, आणि शिकारीनंतर कॅमेरा त्याच्याच हाती दिला जाई. जगभरच्या दिवाणखान्यांत त्याने काढलेली छायाचित्रे असतील. त्यांत तो कुठेही नाही.

इरिंगाच्या थंड डोंगराळ भागात एका मिशन शाळेतल्या धर्मशिक्षकाच्या घरी तो जन्मला. वडिलांना त्याचा पाद्री करायचा होता. हा मात्र सरकारी रक्षक झाला, मक्याच्या शेतांत शिरणारे हत्ती मारू लागला, आणि नेम चांगला व इंग्रजी बरी म्हणून पुढे परीक्षा देऊन, पैसे मोजून शिकारीला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना रानात नेण्याच्या धंद्यात आला. विमानातून उतरणारे गिऱ्हाईक त्याच्या हाती बॅग देऊन विचारी, "शिकारी कुठाय?" तो म्हणे, "मीच." असे दर हंगामात घडे आणि दर वेळी ते मनाला लागे. सवय होते असे जे म्हणतात, त्यांच्यावर हा प्रसंग आलेला नसतो.

दक्षिणेकडे, लिवाले गावाच्या पुढे, नदीकाठच्या एका शिकारी तळावर हंगामाचे सहा महिने त्याचा मुक्काम असे. जेवायला तो गिऱ्हाइकाच्या टेबलाशी बसे, कारण नियम तसा होता. तिथल्या गप्पा घरांच्या, बोटींच्या, घटस्फोटांच्या. त्यांत त्याला विचारण्यासारखे काही नसे. स्वयंपाकाच्या छपराकडून तळाच्या लोकांचे हसणे ऐकू येई. तिकडे तो गेला की सगळे उठून उभे राहत आणि हसणे तिथेच थांबे. हंगाम संपवून इरिंगाला गेला, तर बायको युस्तिना बहिणीच्या कापडदुकानाच्या कामात बुडालेली. मुलगी एकदा शेजारणीला म्हणाली होती, "बाबा येणारेत, पाहुण्यांची चादर काढायला हवी." तिच्या मनात काही वाकडे नव्हते. त्यामुळेच त्याला रागावता आले नाही.

आणि आता डोळे. अंधारून येऊ लागले की गेले दोन हंगाम त्याला वस्तूंच्या कडा दिसेनाशा होत. दिवसा सगळे ठीक. पण बिबट्या दिवसा येत नाही.

बिबट्याची शिकार म्हणजे वाट पाहणे. झाडाच्या आडव्या फांदीला आमिष बांधायचे, समोर काही अंतरावर गवताचा आडोसा उभारायचा, आणि त्यात गिऱ्हाईक व शिकारी यांनी श्वाससुद्धा जपून घेत बसायचे. नर असेल तरच मारायचा, मादी मारणे हा गुन्हा. गिऱ्हाइकाला हा फरक कळत नाही, कळावा अशी अपेक्षाही नसते. शिकारी दुर्बिणीतून पाहतो, खात्री करतो आणि गिऱ्हाइकाच्या खांद्यावर बोट टेकवतो. त्या बोटाशिवाय गोळी सुटत नाही. बोट टेकले की पुढची सगळी जबाबदारी बोटाची.

त्या खेपेचे गिऱ्हाईक लाइटनर नावाचा ऑस्ट्रियन होता, कौलांचा कारखानदार. स्वभावाने वाईट नव्हता, फक्त अखंड बोले. आडोशात मात्र पढवल्याप्रमाणे गप्प बसला. चिंचेच्या झाडावर झेब्र्याची तंगडी टांगलेली होती. ती एरास्तोने स्वतः दुपारी बांधली होती, आणि बांधताना फांदीच्या खालच्या अंगाला असलेली लाकडाची जाड गाठ त्याच्या हाताला लागली होती. सूर्य बुडाला. आभाळ तांबूस होते तोवरच, काहीही आवाज न करता, फांदीवर बिबट्या उभा राहिला.

एरास्तोने दुर्बीण लावली. डोके मोठे वाटले. छाती भरलेली वाटली. शेपटीखाली नराची खूण दिसली, किंवा तिथे काहीतरी गोल, काळे दिसले. जनावराने एकदा मान वळवली. आणखी थोडा वेळ थांबावे, ते वळून उभे राहील तेव्हा पाहावे, हे त्याला कळत होते. पण आणखी थांबला तर आपल्याला काहीच दिसणार नाही, हेही कळत होते. शेजारी लाइटनरचा श्वास जोरात चालला होता. एरास्तोने बोट टेकवले.

झाडाखाली गेल्यावर त्याने प्रथम हाताने चाचपले. मादी होती. वर फांदीवर ती गोल, काळी गाठ होती तिथेच होती.

बिबट्या पडला की गाडी लांबूनच भोंगा वाजवत तळावर येते, ही त्या रानातली रीत. तळ धावत येतो, झाडाच्या डहाळ्या हलवतो, गिऱ्हाइकाला खांद्यावर उचलून गाणे म्हणत तंबूंभोवती फिरवतो. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. एरास्तो त्याला थांबवू शकला असता, पण थांबवला नाही. लाइटनर लोकांच्या खांद्यांवर बसून रडत-हसत होता, आणि तळातल्या कुणीतरी त्या गर्दीत एरास्तोच्याही कमरेला हात घालून त्याला दोन पावले नाचायला लावले. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले होते. तो नाचला.

जनावर गाडीतून उतरवले ते अथुमानीने. हा न्गिंदो जमातीचा म्हातारा रानात माग काढी आणि तळावर कातडी सोली. जखमी जनावराच्या मागे गवतात शिरताना तो पुढे आणि एरास्तो त्याच्या मागे, असा दोघांचा क्रम. त्याने मागचा पाय उचलला, क्षणभर थबकला, आणि जनावरावर ताडपत्री ओढली.

सकाळी अथुमानीने एरास्तोला कातडी वाळवायच्या छपराखाली बोलावले. स्वतः एका डब्यावर बसला, दुसरा डबा पायाने पुढे सरकवला.

"बस रे भावा."

आजवर एरास्तो 'बॉस' होता. तो बसला.

"म्झे, तुम्ही पाहिलंत," तो म्हणाला. वडीलधाऱ्या माणसाला त्या मुलखात म्झेच म्हणतात.

"डोळे आहेत ना मला. हे बघ, परवाच्या नर हरणाचा ऐवज मी मिठात ठेवलाय. दोन टाके घातले की बाईसाहेबांचे बुवासाहेब होतात. आजपर्यंत किती केले! तुझ्या आधीचा शिकारी, तो लाल दाढीवाला होता ना, त्याच्या बिबट्यांत एकही खरा नर नव्हता. सगळे माझ्या सुईतून जन्मलेले."

एरास्तोला हसू आले. अथुमानीही दात नसलेल्या हिरड्या दाखवत हसला.

"आणि पायस?" एरास्तोने विचारले. पायस हा प्रत्येक शिकारीबरोबर असणारा सरकारी रक्षक.

"पायसला सकाळीच विचारलं. म्हणाला, नर की मादी ते मला कातडं बघूनच कळतं, आणि कातडं मी तू शिवल्यावर बघणार. पोराला बुद्धी आहे. हे काम झालं की आज आमच्यात जेवायला ये. मक्याच्या पिठाची उगाली आणि सुकी मासळी. त्या कौलवाल्याचं सूप राहू दे एक दिवस."

एरास्तो डब्यावर बसून राहिला. सोपे होते. लाल दाढीवाल्याला जे सोपे होते ते त्याला का नसावे, हा प्रश्न त्यानेही स्वतःला विचारला. त्याच्या हातून एक चूक होण्याची वाट पाहणारे आरुशात पुष्कळ होते. लाल दाढीची चूक ही चूक असते, चेंगुलाची चूक ही त्याची जात असते. टाके घातले तर परवाना राहील, पुढल्या जुलैत तो पुन्हा याच रानात येईल, याच डोळ्यांनी. पुन्हा एखाद्या संध्याकाळी बोट टेकवील. त्या वेळी गोळी पोटात लागेल, जनावर गवतात शिरेल, आणि पुढे अथुमानी असेल.

हे सगळे त्याने म्हाताऱ्याला सांगायला हवे होते. पण डोळ्यांविषयी त्याने आजवर युस्तिनालासुद्धा सांगितले नव्हते, आणि जे कधीच कुणाला सांगितले नाही ते कुठून सुरू करायचे हेच त्याला उमजेना. तो उठला आणि म्हणाला,

"नको, म्झे. मी मादी म्हणूनच कळवणार."

अथुमानीचा चेहरा मिटला. "का? माझे टाके कच्चे असतात?"

"तसं नाही."

"मग कसं? आमच्यासारख्यांच्या हातचं चालत नाही तुला?"

डबा जिथे होता तिथे परत सरकवून एरास्तो रेडिओच्या तंबूकडे निघाला.

कंपनीच्या आरुशातल्या ऑफिसातला आवाज आधी त्याला समजावू लागला, मग चिडला. "चेंगुला, तुला हुतात्मा व्हायचंय का? कातडं इकडे पाठव, बाकी आम्ही बघू." एरास्तोने मादी हा शब्द पुन्हा उच्चारला. रेडिओवर बोलले की आसपासचे सगळे तळ ऐकतात, हे दोघांनाही माहीत होते. त्यानंतर पलीकडून फक्त खरखर आली.

लाइटनरला कातडे मिळणार नव्हते, ते सरकारजमा होणार होते. तो प्रथम गोंधळला, मग त्याने हात झाडले. "पण हे सगळीकडे चालतं, असं मला माझ्या मित्रानं सांगितलं होतं," तो म्हणाला. तो मित्र बहुधा लाल दाढीवाल्याबरोबर आला असावा. विमानात बसताना त्याने सगळ्यांशी हात मिळवले, एरास्तोशीही, पण तळाच्या लोकांसाठी आणलेले बक्षिसीचे पाकीट खिशातच राहिले. तळाने त्याचा दोष लाइटनरला दिला नाही.

त्यानंतर चहा वेळेवर येई, पाणी तापलेले असे, गाडी पुसलेली असे. कुणी उद्धटपणे वागले नाही. उद्धटपणाला निदान उत्तर देता आले असते. पायस समोर आला की सलाम करून दुसऱ्या वाटेने जाई. स्वयंपाकी टेबलावर एकच ताट मांडी, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवरची धूळही झटकी.

लिवालेचा अधिकारी आला, परवाना घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तुम्ही स्वतः कळवलंत हे मी लिहीन. उपयोग होईल असं वाटत नाही." माणूस सभ्य होता. कंपनीने दुसऱ्या शिकाऱ्याला धाडल्याचे रेडिओवरून कळवले; त्याच्या येण्याआधी एरास्तोने तंबू रिकामा करायचा होता.

सकाळी गाडी उभी राहिली. सामान चढवायला ड्रायव्हर होता, बाकी कुणी आले नाही. एरास्तो पुढच्या जागेवर बसला तेव्हा अथुमानी छपराकडून चालत येताना दिसला. हाताला मीठ चिकटलेले होते. तो ते पुसत नव्हता.

"चाललास?"

"हो, म्झे."

"रेडिओवर सांगायला तोंड होतं. मला सांगायला नव्हतं."

एरास्तोने ड्रायव्हरकडे पाहिले. ड्रायव्हर समजूतदारपणे उतरून चाक तपासू लागला.

"मला संध्याकाळचं दिसत नाही," एरास्तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. मला ती नरच वाटली. परवाना राहिला असता तर मी पुन्हा आलो असतो, आणि गवतात माझ्या पुढे तुम्ही असता."

अथुमानीने गाडीच्या दारावर मिठाचा हात ठेवला.

"मूर्खा," तो म्हणाला. "मी आडोशात येऊन बसलो असतो तुझ्याजवळ. माझं म्हातारं ढुंगण, तेवढंच काम उरलंय त्याला."

"आडोसा दोघांचाच असतो, म्झे."

"चार काठ्या जास्त रोवायच्या. गवत काय कमी आहे या रानात?"

ड्रायव्हर चाकापाशी आणखी थोडा रेंगाळला, मग नाइलाजाने वर चढला आणि गाडी सुरू केली. अथुमानी हात काढून एक पाऊल मागे सरला. वाट नदीपर्यंत सरळ होती. उजेड स्वच्छ होता, आणि एरास्तोला आरशात म्हातारा अगदी स्पष्ट दिसत होता.