पान सत्तेचाळीस

विद्यार्थ्यांनी सरांचं नाव ‘शंकासुर’ ठेवलं होतं आणि खोटं कशाला बोला, ते त्यांना शोभत होतं. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे. कुणी कौतुक केलं की यांच्या मनात लगेच, याला माझ्याकडून काय हवंय?

बावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून शोधनिबंध झाले नऊ. इतरांनी आपल्या लेखनात त्यांचा उल्लेख केला, तो तीन वर्षांपूर्वी मोजला तेव्हा जेमतेम अकरा वेळा. बढतीसाठी शंभर उल्लेख लागत आणि निवृत्तीआधीची ही शेवटची संधी होती. शनिवारी विभागातल्या कारकूनबाई संगणकावर आकडा काढून म्हणाल्या, "अभिनंदन सर! एकशे बेचाळीस! सोमवारी अर्ज पाठवून देते."

सरांनी आकडा तीनदा वाचून बघितला. तीन वर्षांत अकराचे एकशे बेचाळीस? नक्कीच शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याचा डाव. तोही याच जागेवर डोळा ठेवून बसलेला. आधी खोटे उल्लेख पेरायचे, मग तक्रार ठोकायची, की सर कायमचे बदनाम!

रविवारी आपला उल्लेख करणाऱ्या सगळ्या निबंधांच्या संदर्भयाद्या छापून त्यांनी जेवणाचं टेबल भरून टाकलं.

"अहो, आपल्या लग्नाच्या पत्रिकासुद्धा एवढ्या नव्हत्या," बायको म्हणाली. "जेवायचं कुठे?"

सरांचं लक्षच नव्हतं. बहुतेक उल्लेख त्यांच्या एकाच जुन्या निबंधाचे होते, ‘बाजारात संध्याकाळी भाजीचे भाव का उतरतात’. आणि जो तो सांगत होता, पाहा पान सत्तेचाळीस. पण विभागाने छापलेली त्या निबंधाची पुस्तिका एकतिसाव्या पानावरच संपत होती! सापडला चोर. आता सगळे कागद सालाप्रमाणे लावायचे, की सगळ्यात जुन्या कागदावर त्याचं नाव मिळणार.

मिळालं. सगळ्यात जुना कागद अकरा वर्षांपूर्वीचा, खुद्द सरांच्याच दुसऱ्या एका निबंधाचा होता. घाईघाईत, स्वतःचीच पुस्तिका न उघडता, आठवणीतून त्यांनी पान ठोकून दिलं होतं. ते एकाने उतरवलं, त्याचं दुसऱ्याने. डाव कुणाचाच नव्हता.

"कोण निघाला?" बायकोने विचारलं.

"मीच. आणि गंमत म्हणजे, यातल्या एकानेही तो भाजीचा निबंध वाचलेला नाही."

"मी वाचला होता की. टाइप कुणी केला? शेवट काही मला पटला नव्हता."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही लिहिलंत, माल सडेल या भीतीने भाव उतरतात. माझी आई तीस वर्षं भाजी घेऊन बसली. उरलेली भाजी दुसऱ्या दिवशीही विकली जायची हो. ती भाव उतरवायची, कारण पाय सुजलेले असायचे आणि घरी आम्ही चौघं वाट बघत असायचो."

आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेतला, पण हा निबंध चुकीचा असेल अशी शंका सरांना एकदाही आली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली. सासूबाईंना त्यांनी कितीदा तरी भाजी विकताना पाहिलं होतं, पण विचारलं मात्र काहीच नव्हतं.

त्यांनी कारकूनबाईंना फोन लावला. "माझा अर्ज पाठवू नका. हो, मुदत उद्या संपते, माहीत आहे मला."

मग टेबलावरचे कागद बाजूला सारून त्यांनी बायकोसाठी खुर्ची ओढली आणि कोरी वही उघडली.

"आईंचं पुन्हा सांग," ते म्हणाले. "सकाळपासून सांग."