तिसरी गोळी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा आमच्या नेमबाजी क्लबची काडतुसे मशीन शॉपमधला एक नागपूरकडचा कामगार भरायचा. प्रत्येक गोळी तो सोनाराच्या काट्यावर तोलायचा, मायक्रोमीटरने मापायचा आणि किंचित कमी-जास्त असली तरी बाजूला काढायचा. या कामाचा त्याला फार अभिमान होता.

स्पर्धेत माझा नेम चुकला. मी सेक्रेटरींना सांगितले, गोळ्या नीट निवडलेल्या नव्हत्या. खरे तर त्याची पेटी मी घरीच विसरलो होतो आणि बाजारातली काडतुसे झाडली होती. त्याचे काम गेले.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"साहेब, कोनती गोळी चुकली, तेवढं सांगा मले."

"तिसरी," मी म्हणालो.

"मलेबी तिच्यावरच शक होता," तो म्हणाला आणि माझे आभार मानून गेला.