रंधा न लागलेला खांब

तुपात कालवलेल्या हळदीचा वास आला की मला आमच्या वावरातला, पणजोबांनी बांधलेला बैलांचा कोठा आठवतो. बैल विकल्यापासून तो पडीक होता. मी दुरुस्तीला काढला तेव्हा वडील म्हणाले, "बैल नाईत, अन् रिकामा कोठा काहून सजवून राहिला?" मी ऐकलं नाही. छपरावरचे कवेलू बदलले, भिंती शेणामातीनं लिंपल्या आणि सुताराकडून सागाच्या जुन्या खांबांना रंधा मारून घेतला. शेवटचा खांब उरला होता, तेवढ्यात वडील हातात वाटी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पोळा होता. बैलांनी वर्षानुवर्षं अंग घासून त्या खांबाला कमरेएवढ्या उंचीवर खळगा पाडला होता. "याले हात नको लावू," ते सुताराला म्हणाले. मग पोळ्याआधी बैलांच्या खांद्याला चोळतात तशी त्यांनी त्या खळग्याला तूप-हळद चोळली आणि दरसालचंच वाक्य हळूच म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." बाकीच्या खांबांवरचे खळगे मी आधीच तासून टाकले होते. आता ते आवतन मी देतो, बैलांना आणि वडिलांनाही.