काचकाकूंचं आभाळ

काचकाकूंच्या हातात कुठलीही वस्तू दिली की त्या आधी ती उलटी करत. ताटली असेल तर तळ, खुर्ची असेल तर बैठकीखालचे खिळे, साडी असेल तर पदराची आतली बाजू. त्यांच्या घरातली खोली भाड्यानं मिळेल का ते विचारायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा साताऱ्याहून आणलेला पेढ्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तोही उलटा केला. आत पेढे धडाधडा कोसळल्याचा आवाज झाला. "तारीख पाहून राहिली," त्या शांतपणे म्हणाल्या. तारीख बरी निघाली आणि मला खोली मिळाली.

ही गोष्ट २००३ सालची, अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातली. मी एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळायचा. काकू नागपूरच्या. नवऱ्याबरोबर अमेरिकेत आल्या, तो अकाली गेला, आणि त्यांनी एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत एकटीनं मुलीला वाढवलं. दिवसभर काचेच्या स्लाइड आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या काचा, म्हणून आमच्या गावातल्या मराठी मंडळींनी त्यांचं नाव काचकाकू ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. फोनवर एखाद्यानं ओळखलं नाही तर "जयभीम, मी काचकाकू बोलते" असं त्या स्वतःच सांगत.

दर शनिवारी सकाळी त्या यार्ड सेलच्या मोहिमेवर निघत. डब्यात पोळीभाजीच्या गुंडाळ्या, गळ्यात भिंग, आणि गाडी चालवायला मी. लोकांनी अंगणात मांडलेल्या जुन्यापान्या सामानातून त्या अशा फिरत की जणू सगळे पेशंट आहेत आणि ह्यांना रिपोर्ट द्यायचाय. घरमालक कौतुकानं दिव्याची शेड दाखवायला लागला की ह्या दिवा आडवा करून बुडाशी नाक न्यायच्या. मी लाजेनं चार पावलं लांब उभी राहायचे. "काकू, लोक बघतायत," मी म्हणायचे. "पाहू दे नं. समोरची बाजू सगळेच सजवतात व पोरी, मागची कोणी सजवत नाही. खरं काय ते तिथं असते."

त्यांची सगळ्यात लाडकी वस्तू अशाच एका चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाली होती. काळ्या लाकडाच्या लंबगोल चौकटीतलं एक निसर्गचित्र. तळं, तळ्याकाठी किल्ला, एक होडी, मागे डोंगर, वर निळं आभाळ. पाण्यावरच्या लाटा आणि किल्ल्याच्या खिडक्या मात्र रंगवलेल्या नव्हत्या. तिथं काच मोकळी सोडून मागून शिंपल्याच्या आतल्या चकाकत्या थराचे तुकडे चिकटवले होते. आपण जरा इकडून तिकडे सरकलो की खिडक्यांमधून गुलाबी-हिरवा उजेड हलायचा, आत कुणीतरी दिवा घेऊन फिरत असल्यासारखा. ते फ्रान्समधलं आहे अशी काकूंची खात्री होती, म्हणून त्या त्याला नुसतं 'फ्रान्स' म्हणायच्या. "फ्रान्सवर धूळ बसली," "फ्रान्स वाकडं झालं," असं.

ते चित्र काचेच्या मागच्या बाजूनं रंगवलेलं होतं, आणि ते कसं रंगवतात हे काकू येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ऐकवत. साध्या चित्रात आधी आभाळ, मग डोंगर, मग घर, मग घराची कौलं. काचेवर सगळं उलट. आधी कौलांच्या रेघा, मग घर, मग डोंगर, आणि आभाळ सगळ्यात शेवटी. "म्हणजे चूक झाली तर वरून रंग फासून लपवता येत नाही," त्या म्हणायच्या. "पहिली रेघ मारली की तीच लोकांना शंभर वर्षं दिसणार." हे व्याख्यान मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की ते सुरू झालं की मी कप विसळायला उठायचे. नीट ऐकलं असतं तर पुढचा अनर्थ टळला असता.

काकूंची मुलगी सुजाता कॉलेजात होती आणि सुट्टीला घरी यायची. तिला त्या सगळ्या पसाऱ्याचा वैताग होता. "मॉम, इट्स जस्ट ओल्ड ग्लास. समबडी थ्रू इट आउट," ती म्हणायची. मराठी मंडळींच्या पार्टीतही 'काकूंचा भंगार बाजार' हा हक्काचा विनोद होता. काकू हसायच्या, पण हे बोलणं त्यांना लागत असावं, कारण घरी आल्यावर त्या फ्रान्ससमोर जरा जास्तच वेळ उभ्या राहायच्या. शेवटी त्यांनी शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या अँटिकवाल्याला चित्र बघायला बोलावलं. विकायचं नव्हतंच. चित्र खरं आहे, फ्रान्सचंच आहे, हे कुणा जाणत्यानं लेकीच्या देखत सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. रविवारी दुपारची वेळ ठरली. काकूंनी त्याच्यासाठी पुरणपोळीचा बेत केला, यावरून त्यांच्या जिवाची घालमेल कळावी.

त्या शनिवारी मात्र काकूंची लॅबमध्ये ड्युटी होती. मला वाटलं, आपणही हातभार लावावा. चित्राच्या मागचा पुठ्ठा सुटत आला होता आणि आत धूळ दिसत होती. मी सुरीनं चार बारीक खिळे काढले, काचा पुसायचा स्प्रे मारला आणि पेपर टॉवेलनं मागची बाजू घासायला घेतली. टॉवेल निळा झाला. मला वाटलं, बाप रे, किती वर्षांची घाण! मी आणखी जोर लावला. काच उजेडात धरून पाहिली तर डोंगराच्या वर काही नव्हतं. आभाळ सगळ्यात शेवटी रंगवतात, म्हणून पुसताना ते सगळ्यात आधी जातं. किल्ल्याच्या सगळ्यात वरच्या खिडकीतला शिंपल्याचा तुकडाही सुटून टॉवेलला चिकटला होता. मी तो काढला आणि घाबरून पर्समध्ये टाकला.

खरं म्हणजे तेव्हाच काकूंना फोन करायला हवा होता. पण दिवसभर दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडणाऱ्या मला स्वतःची एक चूक सांगता येईना. माझ्याकडे कागदपत्रं ठेवायचं एक निळं फोल्डर होतं. ते मी लंबगोल कापलं, काचेमागे ठेवलं, वर पुठ्ठा लावला, खिळे ठोकले. समोरून आभाळ झकास दिसत होतं. पहिल्यापेक्षा जरा जास्तच.

रविवारी सकाळी काकू माझ्याशी फार गोड वागल्या. चहा देताना म्हणाल्या, "झोप लागली नं नीट? काही बोलायचं आहे का व?" मी म्हटलं, "नाही काकू." दोन तासांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं आणि पुरण वाटायला बसले.

अँटिकवाला आला. भिंग लावून लाटा पाहिल्या, खिडक्या पाहिल्या, आणि म्हणाला, हे फ्रान्सचंच काम आहे, दीडएकशे वर्षांपूर्वीचं, आणि शिंपला अस्सल. सुजाताचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "रिअली?" असं तिनं तीनदा विचारलं. मग तो म्हणाला, आभाळ इतकं ताजं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही. तिथं थांबायला काहीच हरकत नव्हती. काकूंना हवं ते मिळालं होतं. पण त्यांनी चित्र भिंतीवरून काढलं, टेबलावर पालथं घातलं, खिळे काढले आणि पुठ्ठा उचलला. फोल्डरचा कापलेला तुकडा बाहेर आला. त्याच्या मागल्या अंगाला चिकटलेल्या पट्टीवर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: डेंटल इन्शुरन्स.

"मॉम! ही सेड इट वॉज परफेक्ट! व्हाय वुड यू शो हिम?" सुजाता ओरडली.

"बेटा, स्लाइड खराब आहे हे दिसत असताना मी चांगला रिपोर्ट देऊ का?" काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "मी तर काल घरी आल्याबरोबर पाहिलं. जुने खिळे नव्यानं ठोकल्यासारखे चमकून राहिले होते. तू सांगते का, तेवढंच पाहत होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी रडत रडत माफी मागितली. म्हातारा बिचारा पुरणपोळी हातात धरून कुणाकडे बघावं या विचारात पडला. काकूंनी वाकून काच पाहिली आणि विचारलं, "अन् वरची खिडकी कुठं गेली?" सगळे माझ्याकडे बघत होते. पर्स तीन हातांवर खुर्चीला लटकलेली होती. माझ्या तोंडून निघालं, "सिंकमध्ये गेली असेल." का, ते मला आजही सांगता येत नाही. एकदा ते बोलल्यावर परत घेणं रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. तो तुकडा मी कानातल्यांच्या डबीत ठेवला आणि ती डबी उघडणं सोडून दिलं.

काकूंनी मला घराबाहेर काढलं नाही. आभाळ नव्यानं रंगवून देतो असं अँटिकवाला म्हणत होता, तेही त्यांनी नाकारलं. फोल्डर परत आत ठेवलं, पट्टीसकट. पुढे पाहुण्यांना दिलेल्या व्याख्यानात एक प्रकरण वाढलं. शेवटी त्या चित्र उलटं करत आणि म्हणत, "अन् हे आमच्या वैशालीचं आभाळ. दात दुखले तर इथं क्लेम करा." सगळे हसत, मी कप विसळायला उठे.

माझं लग्न ठरायच्या वेळी होणाऱ्या नवऱ्याला मी काकूंकडे चहाला नेलं. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. तो निघाला तेव्हा मात्र दारापर्यंत जाऊन त्याच्या पाठीकडे बघत राहिल्या. "दार हळू लावलं," त्या म्हणाल्या. "पोरगा बरा आहे."

२००७ मध्ये त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला काहीतरी झालं. बघावं तिथलं मधलंच दिसेना, कडेचं तेवढं दिसे. मायक्रोस्कोप सुटला, लॅब सुटली. सुजाताला तोवर दूरच्या मॉरिसव्हिल गावात नोकरी लागली होती, तिनं आईला तिकडे न्यायचं ठरवलं. काकूंनी आयुष्यभर जमवलेलं सामान स्वतःच्या अंगणात मांडलं. लोक वस्तू सुलट्याच बघत होते याचा त्यांना फार राग आला. "उलटं करून पाहा!" असं त्या खुर्चीतून इंग्रजीत ओरडत होत्या आणि गिऱ्हाईकं बिचकून निघून जात होती.

फ्रान्स मात्र विकायला नव्हतं. ते मांडीवर घेऊन त्या बसल्या होत्या. गर्दी ओसरल्यावर मी त्यांच्याजवळ गेले आणि डबीतला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. "काकू, खिडकी सिंकमध्ये गेली नव्हती. माझ्याकडे होती. मी खोटं बोलले."

त्यांनी तुकडा बोटांनी चाचपला. आधी वरची बाजू, मग उलटा करून खालची. मग म्हणाल्या, "चार वर्षं लागली व तुला." त्या हसत होत्या. "आता डिंक आण. तूच चिकटव, माझा हात काही तिथं जाणार नाही."

मी पुठ्ठा काढला, डेंटल इन्शुरन्स बाजूला केलं, आणि मागून तो तुकडा त्याच्या जागी बसवला. सगळं पुन्हा बंद केलं. चित्र त्यांच्या हातात देताना मी सवयीनं आधी मागची बाजू पुढे केली. त्यांनी ते फिरवून माझ्याकडे धरलं आणि म्हणाल्या, "मागचं राहू दे. समोरून पाहून सांग. दिवा लागला का?"

इतक्या वर्षांत समोरच्या बाजूबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी जरा डावीकडे सरकले, जरा उजवीकडे. वरची खिडकी गुलाबी झाली, मग हिरवी झाली.

"लागला, काकू," मी म्हटलं. या वेळी त्यांनी पडताळून पाहिलं नाही.