कोऱ्या ठेवलेल्या चार ओळी

पुण्याहून निघाले ती धास्ती घेऊनच. जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांसमोर आमची रिक्षा पोत्यांच्या हातगाडीमागे अडकली आणि मी विनाकारण रिक्षावाल्यावर खेकसले. तो शांतपणे म्हणाला, “इतकी जल्दी व्हती तर कालच यायचं ना ताई.” हातगाडी हलली आणि आम्ही अंबड रस्त्याला लागलो.

मी कीटकांवर काम करते. मागल्या आठवड्यात इथल्या एका मक्याच्या शेतात आम्ही लष्करी अळीवर नवं औषध फवारलं होतं. हे नेहमीचं विष नव्हे. पानाबरोबर ते अळीच्या पोटात जातं आणि तिच्या एका जनुकाला गप्प बसवतं. अळी आधी खायची थांबते, मग मरते. चार ओळी मुद्दाम न फवारता कोऱ्या ठेवल्या होत्या. तिथे अळी जोमात आणि बाकी शेतात मेलेली, असा फरक दिसला तरच पुढच्या हंगामात काम चालू राहणार होतं. नाहीतर गाशा गुंडाळा, असं वरून बजावलं होतं.

धुऱ्यावर (बांधावर) शेतमालक नामदेवराव पाठीला पंप लावून उभेच. पंपात जहाल विष.

“म्याडम, तुमच्या शब्दावर हात बांधून बसलो. आज अळी जित्ती दिसली तर मी मारून राह्यलो.”

“आधी भाकर तर खाऊ द्या त्यास्नी,” त्यांच्या बायको कौसाबाई म्हणाल्या. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. मी दोन घास खाऊन उठले.

मी पहिला पोंगा (कोवळ्या पानांचा गाभा) उघडला. आत वाळलेली विष्ठा आणि काळी पडलेली अळी. दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही. नामदेवरावांनी पंप खाली ठेवला. मला हसू आवरेना.

मग मी कोऱ्या ओळींकडे वळले. पोंगा उघडला. अळी मेलेली. पुढच्यातही मेलेली. मी मागून आलेल्या कौसाबाईंकडे वळले.

“मावशी, इथं कोणी फवारलं?”

“म्याच की. तुमी गेल्यावर डब्यात तळाला औषध उरलं व्हतं. फेकून द्यावं व्हय?”

“अहो, या ओळी तशाच ठेवायला सांगितल्या होत्या ना!”

“सांगितलं व्हतं. पर समद्यास्नी वाढायचं अन् चौघांना उपाशी बसवायचं? असा पंगतीत परपंच म्या कधी केला न्हाई.”

संताप आला. मी आणखी एक पोंगा उघडला. नवी पानं स्वच्छ हिरवी होती.

“औषध बराबर हाय ना पर?” त्यांनी जरा घाबरून विचारलं.

“बराबर आहे, मावशी. बिलकुल बराबर.”

परतीच्या गाडीत तेच घोळत होतं. औषध चालतं, हे आता आम्हा तिघांना पक्कं ठाऊक आहे, आणि दाखवायला पुरावा एकही नाही. निघताना कौसाबाईंनी हात धरून सांगितलं होतं, “पुढल्या साली लौकर या, अन् चार ओळींचं जास्तीचं आणा.” मी हो म्हणाले. पुढल्या साली ते औषध येणारच नाही, हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.