पत्र्याखाली सत्त्याण्णव डिग्री

रामनाथनं सोळा वर्षं कांद्याचा ट्रक चालवला. आळेफाट्यावर माल भरायचा आणि बंगळूर नाहीतर चेन्नई गाठायची. सहा वर्षांपूर्वी चेन्नईत माल उतरवताना ताडपत्रीच्या ताणलेल्या दोराचा हूक निसटला आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा जागेवर राहिला, नजर गेली. एका डोळ्याच्या माणसाला जड वाहनाचा परवाना मिळत नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी तो तीनदा तपासणीला गेला आणि तीनदा परत आला.

आता तो डिंगोऱ्यात दूध संकलन केंद्रावर कामाला आहे. सकाळी दूध मापून फॅट काढायची, संध्याकाळी पुन्हा तेच. मधली दुपार मोकळी. घर रस्त्यालगत, त्यामुळं माळशेजकडं जाणाऱ्या गाड्यांचे आवाज दिवसभर कानावर असतात. गाडी भरलेली आहे की रिकामी, गिअर कुठं पाडला, हे त्याला न बघता कळतं. पहिली चार वर्षं तो दुपारी रस्त्याकडं पाठ करून बसायचा, असं त्याची बायको वृषाली सांगते.

मग शिनोलीच्या हौशीरामनं त्याला एक गेम दाखवला. हौशीराम म्हणजे त्याच्याच लाइनवरचा जुना ड्रायव्हर, आता घोडेगावात शाळेची बस चालवतो. गेममध्ये फक्त ट्रक चालवायचा. गोळ्या नाहीत, मारामारी नाही. माल भरायचा, रस्ता धरायचा, पोचवायचा. टेबलाला स्टिअरिंग बसवता येतं, खाली पेडल ठेवता येतात. रामनाथनं दहा मिनिटं चालवलं आणि त्याला एक गोष्ट कळली, जी हौशीरामच्या ध्यानातही आली नसती. पडदा सपाट असतो. अंतराचा अंदाज घ्यायला तिथं दुसरा डोळा कामाचा नाही. तिथं तो आणि दोन डोळ्यांचा ड्रायव्हर सारखेच.

"दोनी आरसे दिसत्यात," एवढंच तो म्हणाला.

नारायणगावात पप्पूचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याच्याकडून रामनाथनं एका ऑफिसातून निघालेला, पण तगडा कॉम्प्युटर घेतला आणि घराला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत मांडला. पूर्वी तिथं ताडपत्र्या आणि जॅक पडलेले असायचे. दर रविवारी दुपारी दोनला हौशीराम इंटरनेटवर ताफा काढायचा. दहा-बारा जण, सगळे आजी-माजी ड्रायव्हर, कानाला हेडफोन लावून एकामागोमाग एक ट्रक. अडीच-तीन तासांची वाट. ते तास रामनाथ पुन्हा ड्रायव्हर असायचा.

हे दोन हिवाळे नीट चाललं, मधला उन्हाळा ताफा बंदच होता. यंदा मार्चपासून गाडी अडखळायला लागली.

एका सेकंदाला पडद्यावर साठ चित्रं आली की गाडी लोण्यासारखी चालते. रामनाथच्या पडद्यावर ती अचानक अकरावर यायची. वळणावर ट्रक क्षणभर गोठायचा आणि पुढच्या क्षणी कठड्यात असायचा. एका रविवारी तो उतारावर असा गोठला की मागून येणारा जालिंदर, हा खोडदचा, थेट त्याच्या ट्रॉलीत घुसला. मग त्याच्या मागचा, मग त्याच्या मागचा. ताफा मोडला.

"रामनाथ, तुजी गाडी मधीच थांबती," हौशीराम फोनवर म्हणाला. "प्रोसेसर दम टाकतोय. त्याला ओव्हरक्लॉक कर. म्या केलाय. कंपनीनं बांधून दिलेल्या वेगापेक्षा थोडा जोरात पळवायचा, बास."

"आन् तापला म्हंजी?"

"थोडा तापतोच की."

रामनाथनं दोन दुपारी व्हिडिओ बघण्यात घालवल्या. कॉम्प्युटर सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर जाऊन त्यानं वेग चारवरून साडेचार गिगाहर्ट्झ केला. तेवढा वेग टिकावा म्हणून व्होल्टेजही वाढवावं लागलं. पहिली बारा मिनिटं गाडी अशी चालली की त्यानं वृषालीला हाक मारून बोलावलं. ती येऊन उभी राहीपर्यंत तापमान सत्त्याण्णव डिग्रीवर गेलं होतं. तिथं प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपणहून वेग तोडतो. साडेचारवर नेलेला प्रोसेसर तीनवर आला, म्हणजे पहिल्यापेक्षाही खाली. पडद्यावर पुन्हा अकरा चित्रं.

"हे दाखवायला बोलावलं व्हतं?" वृषालीनं विचारलं.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला.

पुढचे पाच आठवडे त्याचे यातच गेले. वेग चार पॉइंट चार केला, चार पॉइंट दोन केला. प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या पंख्यामध्ये जी पेस्ट लावतात ती खरवडून नवीन लावली. कॉम्प्युटरच्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढलं आणि टेबलफॅन लावला, तर चार दिवसांत आत कांद्याची टरफलं आणि धुळीचा थर. एकदा आत पाल निघाली. दुपारी गावातल्या विहिरींवरच्या सगळ्या मोटारी चालू असतात, बिबट्याच्या भीतीनं अंधारात पाणी द्यायला आता कुणी जात नाही. त्यामुळं व्होल्टेज पडायचं आणि टेबलफॅन धापा टाकल्यासारखा फिरायचा. रोजचं तापमान तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. वृषाली आशा सेविका आहे. त्याच कॅलेंडरवर ती गावातल्या बाळांच्या लसीच्या तारखा टिपते. एप्रिलमध्ये कुणाच्या बाळाचा डोस आणि कुणाची डिग्री, काही ओळखू येईना.

"माज्या चौकटीत लिहू नका," ती म्हणाली. "परवा म्या त्र्याण्णव नंबरचं बाळ शोधत बसले व्हते."

वेग दहा टक्के वाढला की गाडीला चार-पाच चित्रं जास्त मिळायची, आणि उष्णता मात्र त्याच्या कितीतरी पट वाढायची. हा हिशेब त्याला चीड आणायचा. डिझेल जास्त जाळलं तर गाडी निदान पुढं तरी जाते. इथं सगळं जाळून गाडी जागेवरच.

एका दुपारी बाराव्या की तेराव्या वेळी पडदा काळा झाला, तेव्हा त्यानं डब्यावर जोरात थाप मारली. वृषाली दारात आली तर तिच्यावरच ओरडला, की पंख्याचं बटण तूच बंद केलंस. पंखा चालू होता. ती पंख्याकडं बघून निघून गेली. त्यानं जेवताना माफी मागितली, पण रागात मागितली, त्यामुळं ती काही माफीसारखी वाटली नाही.

त्यानं डबा ताडपत्रीत गुंडाळला आणि एसटीनं नारायणगावला नेला. पप्पूनं दुकानात लावला, अर्धा तास गेम चालवला. तापमान शहात्तर. एकदाही अडखळला नाही.

"रामनाथभाऊ, हा तर ठणठणीत हाय."

"घरी न्हाई चालत."

"चालंल की. म्या झाकण नीट बसवलंय."

घरी आणला. पंच्याण्णव. पुढच्या आठवड्यात पुन्हा नेला, पुन्हा शहात्तर. डिंगोऱ्याहून नारायणगाव, मांडीवर बारा किलोचा डबा, भर उन्हात. तिसऱ्या खेपेला कंडक्टरनं विचारलं, "पावणं, ह्यात हाय तरी काय?" रामनाथ म्हणाला, "ट्रक हाय."

तिसऱ्या खेपेला पप्पूनं हात टेकले. "असं करा, अपग्रेड करा. ह्यो आता जुना झाला. नवीन प्रोसेसर, त्याच्यासाठी नवीन बोर्ड, नवीन रॅम. तुमचं ग्राफिक कार्ड तेच राहू द्या. ह्या गेमला जोर प्रोसेसरचाच लागतो. दीडपट चित्रं येत्याल, म्या लिहून देतो. एक सेट आलाय, तुमच्यासाठी ठेवतो."

रामनाथनं तिथल्याच स्टुलावर बसून त्या नव्या प्रोसेसरची माहिती विचारली. तापतो किती?

"पंच्याण्णवला जातो," पप्पू सहज म्हणाला.

"म्हंजी ह्याच्यासारकाच?"

"तसं न्हाई. ह्यो तापला की बिघाड. नवा बनवलाच तसा हाय. जमंल तेवढा जोर करत पंच्याण्णवपर्यंत स्वतःच जातो आन् तिथं राहतो. त्याला ओव्हरक्लॉक करायची पण गरज न्हाई."

रामनाथचं डोकं सटकलं. सोळा वर्षं तो काटा लालकडं गेला की गाडी बाजूला घेत आला होता. आता एक माणूस त्याला सांगत होता की काटा लालवरच राहणार, तू चालव. "आन् भोवतालीच गरम आसंल तर? त्याचा जोर कमीच व्हनार ना?"

"कमी व्हईल. पन भोवताली असं किती गरम असनारे? तुमी ठेवता कुठं कॉम्प्युटर?"

"पत्र्याच्या खोलीत."

पप्पूनं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "दुपारी चालवता?"

"दुपारीच."

"राव, मग हे आदुगर सांगायचं ना."

"तू आदुगर इचारायचं ना," रामनाथ म्हणाला.

वर पप्पूचा एसी चालू होता, चोवीसवर. रामनाथ त्या आकड्याकडं बघत राहिला. हौशीरामनं विचारलं नाही, व्हिडिओवाल्यांनी विचारलं नाही, आणि मुख्य म्हणजे त्याचं त्यालाही सुचलं नाही. भरली गाडी दुपारच्या उन्हात घाटात घालू नये, पहाटे चढवावी, हे तो क्लीनरना शिकवायचा. तोच दोन महिने भट्टीत बसून पेस्ट बदलत होता.

घरी आल्यावर त्यानं वृषालीकडून तिच्या पेटीतला खोलीचं तापमान बघायचा काटा मागितला. लसी कशा ठेवायच्या ते शिकवलं, तेव्हा तिला तो कधीतरी मिळाला होता. दुपारी अडीचला पत्र्याखाली त्रेचाळीस. पुढच्या स्लॅबच्या खोलीत चौतीस.

"हितं आणा की मग," वृषाली म्हणाली.

"हितं बायका येत्यात तुज्याकडं, बाळं घिऊन. पंख्याचा आवाज, माजं बोलनं."

"रविवारी कोन येतंय? आन् मला एक सांगा. तुमाला गाडी पळवायचीय का पोचवायचीय?"

हे तिनं काही समजावणीच्या सुरात विचारलं नव्हतं. ती वैतागली होती आणि तिला कॅलेंडर परत हवं होतं. पण रामनाथ त्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत विचार करत राहिला. नवा सेट बसवला तरी पत्रा तोच असणार होता. आणि पत्र्याखालून बाहेर यायचं असेल, तर ते जुन्यालाही करता येत होतं.

शनिवारी दोघांनी मिळून टेबल पुढच्या खोलीत आणलं. त्यानं ओव्हरक्लॉक काढून टाकलं, वेग कंपनीनं दिला होता तसा चारवर आणला. पडद्यावर साठ चित्रांचा हट्ट सोडून चाळीसवर बांध घातला, म्हणजे प्रोसेसर उगाच धावणार नाही. तरी चढावर आकडा तीसच्या खाली यायचा. हौशीरामनं फोनवर उपाय सांगितला, "आरसे बंद कर. आरशात मागचा रस्ता पुन्यांदा काढाया लागतो, तिथं लई जोर जातो. निदान डावा तरी बंद कर. आमी समदे करतो."

"डावा न्हाई," रामनाथ म्हणाला.

"आरं, गेमच हाय."

"डावा न्हाई म्हनलं ना."

हौशीराम म्हणाला, "बरं. मग रस्त्यावरच्या बाकी गाड्या कमी कर. सावल्या काढ."

त्यानं सावल्या काढल्या, गर्दी निम्मी केली. डोंगर सपाट, पुठ्ठ्याचे दिसायला लागले. झाडं जवळ गेल्यावरच उगवायची. दोन वर्षांपूर्वी ज्या रस्त्यावर त्याचा जीव रमला होता, तो आता असा दिसत होता. त्याला वाईट वाटलं आणि ते वाईट वाटणं त्यानं गिळलं नाही, वृषालीला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "पावसाळ्यात परत लावा सावल्या."

रविवारी ताफा निघाला. त्याला शेवटचा नंबर मिळाला. मागच्या टकरीपासून कुणी त्याच्या मागं चालायला तयार नव्हतं. जालिंदरनं तर निघताना स्पष्टच सांगितलं, "रामनाथभाऊ, राग मानू नका, पन तुमी मागंच ऱ्हावा." राग आला. तो राग घेऊनच त्यानं क्लच सोडला.

दोन तास चाळीस मिनिटं गाडी चालली. तापमान शहाऐंशीच्या वर गेलं नाही. दोनदा ती जराशी अडखळली, पण गोठली नाही. लांबच्या उतारावर त्यानं डाव्या आरशात मोकळा रस्ता बघितला. मागं कुणी नव्हतंच, तरी त्यानं दोन-तीनदा बघितला. मुक्कामाला त्यानं ट्रक मागं घेत बरोबर दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये लावला. हौशीराम हेडफोनवर म्हणाला, "पोचलास का?"

"पोचलो."

संध्याकाळी पप्पूचा फोन आला. सेट ठेवू का सोडू? दुसरं गिऱ्हाईक उभं आहे.

"सोड," रामनाथ म्हणाला. "दिवाळीला बघू. थंडीत मला नक्की कळंल, की ह्याच्यात खरंच दम न्हाई का नुसता उन्हाळाच नडत व्हता."

"तवा ह्यो सेट ऱ्हानार न्हाई भाऊ. नवीन म्हाग असंल."

"असू दे."

पण फोन ठेवल्यावर त्याला खात्री वाटेना. पप्पूला परत लावावा का, असं त्याच्या दोनदा मनात आलं. सोडलेला सेट, दोन महिन्यांच्या वाया गेलेल्या दुपारी, जालिंदरचं ते वाक्य, सगळं एकदम डोक्यात फिरत होतं. घड्याळात पाच वाजले होते. दूध घालणारी माणसं केंद्राच्या पायरीवर येऊन बसली असणार. त्यानं कॉम्प्युटर बंद केला, पायात चप्पल सरकवली आणि रस्ता ओलांडायच्या आधी, सवयीप्रमाणे, मान पूर्ण डावीकडं वळवून गाडी येते का बघितलं.