उजव्या बगलेची शिवण

चोपड्याच्या बसस्टँडमागे माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, फॉल-पिको, मिळेल ते काम. बेसबॉल माझ्याकडे आला तोही गिऱ्हाईक म्हणूनच. एका शाळेतले खेळाचे सर सोळा शर्टांचं कापड घेऊन आले आणि म्हणाले, मुलींच्या टीमचे आहेत, घट्ट शिवा, सारखे उसवतात. मी विचारलं, कुठे उसवतात? तर म्हणाले, ते तुम्हीच मैदानावर येऊन बघा. माणूस जरा आगाऊच वाटला मला. पण कपडा कुठे फाटतो ते बघितल्याशिवाय मला शिवायला जमत नाही, म्हणून गेले.

गेले ती अडकलेच. सहा महिन्यांत मला बेसबॉल एवढा कळायला लागला की मी पंचांशी भांडायला लागले. नवऱ्याने हात जोडले. म्हणाला, भांडायचं तर भांड, पण मशीन बंद ठेवून जाऊ नकोस. मी मशीन बंद ठेवूनच जात होते.

शर्ट कुठे फाटतात ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. पिचर, म्हणजे समोरच्या टीमच्या फलंदाजाला चेंडू टाकणारी मुलगी, हात पार डोक्यामागे नेते आणि सगळं अंग त्याच्यामागून फेकते. त्यात पहिली उसवते ती उजव्या बगलेची शिवण. आमची पिचर गावाबाहेर केळीच्या मळ्यात राहणारी. उंच, हडकुळी, कमी बोलणारी. तिच्या शर्टाच्या बगलेत मी पतंगाच्या आकाराचा जास्तीचा तुकडा घातला, दुहेरी टाके मारले, तरी महिन्याभरात ती दुकानाच्या पायरीवर हजर. "अक्का, परत उसवनं."

"शर्ट घालस का फाडस तू?" मी म्हणायची. ती खाली बघून हसायची. मी लटकं रागवायची, पण तिच्यासाठी धागा वेगळा काढून ठेवलेला असायचा.

मग तिचं लग्न झालं, धुळ्याला. सासर वाईट नव्हतं. मी वाईट म्हणणार नाही, कारण ती कधी म्हणाली नाही. त्या घरात फक्त बेसबॉल नव्हता.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आंब्याचा रस होतो. आमच्या टीममधल्या निम्म्या मुली लग्न होऊन गेल्या तेव्हा सरांनी डोकं लढवलं आणि गावची स्पर्धा आखाजीलाच ठेवली. सासरी गेलेल्या सगळ्या पिशव्या घेऊन बसमधून उतरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर. रस ओरपून आलेल्या पोरींना सर शिव्या द्यायचे, आणि त्या पळायच्या बिचाऱ्या, पोट धरून. आम्हा बघणाऱ्यांना त्यात मजा वाटायची. वर्षभर पोळ्या लाटलेला, धुणं पिळलेला हात चार दिवसांत शंभर शंभर चेंडू टाकतो, त्या हाताचं काय होत असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. सरांच्याही नाही, माझ्याही नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आम्ही धुळ्याच्या टीमकडून हरलो. तिच्या चेंडूला वेग नव्हता. चहाच्या टपरीवर चर्चा झाली की लग्नानंतर मुलींचा जोर जातोच. या टपरीवरच्या जाणकारांना स्वतःच्या घरात पाण्याचा हंडा उचलून ठेवता येत नाही. पण मी तरी काय शहाणी? स्पर्धा संपल्यावर तिने शर्ट आणून दिला. मी सवयीने आधी उजवी बगल बघितली. एक टाका हलला नव्हता. मला इतका आनंद झाला. तो शर्ट आठवडाभर दुकानात टांगून मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला, की याला म्हणतात शिवण.

शिवण शाबूत होती, कारण हात वर जातच नव्हता. तो कानाच्या खालूनच फिरत होता. हे मला तेव्हा समजायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही तर मला तरी, कारण त्या बगलेची तिच्या आईपेक्षा जास्त माहिती मला होती. पण मला माझ्या टाक्यांचं कौतुक.

पुढच्या आखाजीला ती आली ती सरळ दुकानात. सासरी जावेचं बाळंतपण होतं म्हणून त्या वर्षी चारच दिवस मिळाले होते. माझ्या हातात नवा शर्ट देऊन म्हणाली, "अक्का, हाऊ डोकावरथून घालता येस नही. पुढे बटनं लाई दे."

मी म्हटलं, हात वर कर. तिने डावा वर केला.

"दुसरा?"

उजवा खांद्यापर्यंत आला आणि थांबला. चेहरा तसाच ठेवायचा ती प्रयत्न करत होती. रात्री वीट तापवून शेकते, हळद-तेल लावते, म्हणजे सकाळी थोडा चालतो, असं तिने सांगितलं. आणि मग म्हणाली, "सरले सांगू नको. माले चारच दिन शेतस."

मी सांगितलं नाही. तिची दया आली म्हणून नाही सांगितलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की धुळ्याला एकदा तरी हरवायचं होतं, आणि तिच्याशिवाय आमच्याकडे पिचर नव्हती. मी शर्ट मधोमध कापला, पट्टी लावली, सहा काजं केली, सहा बटणं लावली. कोणी विचारलंच तर उन्हाळ्याची नवी फॅशन म्हणून सांग, असंही तिला पढवलं.

अंतिम सामना सकाळी लवकर होता, तरी ऊन मी म्हणत होतं. ती कशी खेळली ते मला आजही चेंडूगणिक आठवतं. हात वर जात नव्हता म्हणून ती कमरेतून वाकून बाजूने टाकत होती, आणि तसला चेंडू धुळ्याच्या मुलींना झेपेना. प्रत्येक चेंडूनंतर ती डाव्या हाताने उजवं कोपर धरून उभी राहायची. सर म्हणाले, बघा कशी शांत उभी राहते. मी मान डोलावली. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो, त्यांची धावणारी मुलगी घराच्या, म्हणजे जिथे पोचलं की धाव मिळते त्या पाटीच्या, अगदी तोंडाशी उभी, आणि चेंडू उंच उडाला. आमच्या एका पोरीने तो झेलला, त्यांचा शेवटचा गडी बाद. जिंकलो.

सगळे धावले. मीही धावले, पन्नाशीची बाई, चपला तिथेच टाकून. मी तिच्यापर्यंत सगळ्यांच्या आधी पोचले आणि तिचा उजवा हात मनगटाला धरून आभाळाकडे उंच केला.

तिथे जमलेल्या दोन-तीनशे माणसांत तो हात वर जात नाही हे ठाऊक असलेली मी एकटी होते. आणि मीच तो वर केला. आनंदात विसरले, एवढंच खरं आहे, आणि ते सांगायची मला लाज वाटते.

ती ओरडली नाही. माझ्या हातात तिचा हात एकदम जड झाला, आणि तिच्या ओठांचा रंग गेला. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला.

जळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे, तपासण्या करून सांगितलं की खांद्यातला स्नायू फाटला आहे. आधीपासून विरत आला होता, आता पुरता गेला. ऑपरेशन केलं तर हात रोजच्या कामापुरता चालेल, चेंडूचं विसरा. मी डॉक्टरांना विचारलं, कशाने गेला, चेंडू टाकून की कोणी हात ओढल्याने? ते म्हणाले, आता ते सांगता येणार नाही, आणि सांगून उपयोगही नाही. उपयोग नाही हे मलाही कळत होतं. सर बाहेर बाकावर बसून एकच वाक्य म्हणत होते, "ताई, माझ्या लक्षात कसं आलं नाही?" मी त्यांच्या शेजारी बसून होते. तेव्हाही मी बोलले नाही.

ऑपरेशननंतर दोन महिने ती माहेरी राहिली. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता, भिंतीवर बोटं टेकवून मुंगीसारखी वर वर चढवत न्यायची. मळ्यातल्या घराची भिंत खडबडीत, म्हणून ती रोज दुपारी माझ्या दुकानात यायची. मशीनच्या बाजूला भिंतीशी उभी राहायची, बोटं चढवायची, जिथे थांबतील तिथे मी कापड आखायच्या खडूने खूण करायची. पहिल्या आठवड्यात खूण तिच्या छातीपाशी होती, मग गळ्यापाशी, मग हनुवटीच्या जरा वर. घाम यायचा तिला. टेपने मी आदल्या दिवसाचं अंतर मोजायची, अर्धा इंच वाढला तरी आम्ही दोघी चहा मागवायचो. मग सासरहून न्यायला आले. ती गेली. पोळ्याला दोन दिवस आली तेव्हा आल्या आल्या भिंतीशी उभी राहिली, आणि बोटं जुन्या खुणेच्या चार बोटं खाली थांबली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मी खडू खिशातच ठेवला. त्यानंतर व्यायामाचा विषय आमच्यात निघाला नाही.

टीमचं म्हणाल तर तेव्हापासून आम्ही पहिल्याच फेरीत बाहेर पडतो. टपरीवर अजून विचारतात, तिचा हात बरा झाला का? ती बरी आहे का, असं कोणी विचारत नाही. मी त्यांच्यावर चिडते आणि घरी येऊन स्वतःवर चिडते, कारण तिला भेटल्यावर माझीही नजर आधी खांद्यावरच जाते. खेळ बघणाऱ्या माणसाला एवढंच येतं. ज्या हातासाठी घसा फोडून ओरडायचं, तो हात घरी जाऊन काय करतो हे त्याला बघायचं नसतं.

जिंकल्याचा फोटो सरांनी मोठा करून शाळेत लावला आहे. त्यात तिचा हात उंच आहे आणि खाली माझा चेहरा, तोंड उघडं, नुसता आनंद. मी गणवेशाची मापं घ्यायला शाळेत जाते तेव्हा त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

यंदाच्या आखाजीला ती तीन दिवस आली. मी मैदानावर नव्या मुलींची मापं घेत होते. आता माझा नियम आहे, सरांच्या समोर प्रत्येकीला दोन्ही हात पूर्ण वर करायला लावायचे. सरांना आधी वाटलं, अंगाला नीट बसावं म्हणून. एकीचा हात जरा अडखळला तर मी सरांना तिथेच सांगते, ही खेळणार नाही. रांगेच्या शेवटी ती येऊन उभी राहिली. सरांनी तिला मुलींना शिकवायला बोलावलं होतं, तिलाही शर्ट हवा होता.

मी टेप हातात घेऊन उभी राहिले. तिला हात वर कर म्हणायला मला होईना. तिनेच केले. डावा सरळ उंच, उजवा खांद्यापर्यंत. "इतलाच जास," ती म्हणाली, "लिखी ले."

मग मी बोलले. सर शेजारी आहेत हे बघूनच बोलले. तिचा हात दुखतोय हे मला आधीपासून ठाऊक होतं, बटणं मी लावली, आणि शेवटी तो हात ओढून वर मीच केला. सर माझ्याकडे बघतच राहिले. मग उठून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

ती तशीच उभी होती, एक हात वर, एक अर्धा. "माले माहीत शे, अक्का," ती म्हणाली. "पन तवय मना हात तेवढा वर गया ना, माले बी बरं वाटनं."

मी तिच्या बगलेखालून टेप घेतली आणि माप वहीत लिहिलं. शर्ट पुढून बटणांचा शिवायचा, असं खाली लिहून ठेवलं.